बारक्याचा जबडा

सकाळी बारक्यानं भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं. त्याचा जबडा मिटतच नव्हता. लाळेनं पुढचे पाय ओले झाले होते, आणि तो पंजानं सारखा स्वतःचंच तोंड ओरबाडत होता.

स्नेहलनं वळून लेकीकडे पाहिलं. रिबेकाचा गुडघा काल शाळेत खरचटला होता, आणि आत्ताच पोरगी हसत म्हणाली होती, "मम्मी, बारक्यानं माझी जखम चाटली."

"पिसाळलाय," तिचा नवरा सुमित हळूच म्हणाला. काठीनं ढकलत त्यानं कुत्र्याला गोठ्यात घातलं आणि कडी लावली. लेकीचा गुडघा नळाखाली साबणानं धूत राहिला, ती रडायला लागली तरी. मग तिला मोटारसायकलवर बसवून इंजेक्शनसाठी दौंडला निघाला.

"जनावरांच्या डॉक्टरला फोन केलाय. त्या येईस्तवर कडी काढू नकोस," निघताना त्यानं बजावलं.

स्नेहल गोठ्यासमोर एकटी राहिली. आत बारक्या दारावर धडका देत होता.

गेल्या वर्षी तिला मुलगा झाला, तो मेलेलाच. केडगावच्या चर्चमधल्या बायका येऊन प्रार्थना करून जायच्या, ही भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पुढं चर्चला जाणंही तिनं सोडलं. त्याच दिवसांत रस्त्यावरचं हे पिल्लू घरात शिरलं आणि तिच्या खाटेखाली झोपलं. त्याला भूक लागली, म्हणून ती उठली. कितीतरी दिवसांनी चूल पेटवली ती त्याच्यासाठी.

बातमी वस्तीभर झाली. शेजारचे तात्याबा तिघा-चौघांना घेऊन फाटकात आले. सगळ्यांच्या हातात काठ्या होत्या.

"स्नेहल, बाजूला हो. काम उरकून टाकतो."

"मामा, डॉक्टर येत्यात. तोवर थांबा."

"पिसाळलेलं कुत्रं चावून माझी कालवड कशी तडफडून मेली, तू बघितलीस ना? ही बारकी पोरं हितंच खेळत्यात. दार मोडलं त्यानं तर?"

तात्याबा खोटं बोलत नव्हते. तिनं दाराला पाठ लावली. धडका पाठीत जाणवत होत्या.

"मोडलं तर पहिली मी हाय," ती म्हणाली.

"पोरीपरीस कुत्रं मोठं झालं व्हय तुला?"

तिनं डोळे मिटले. ओठांवर आलं ते प्रार्थनेसारखं नव्हतंच. 'बाळाच्या वेळी तू गप्प राहिलास, प्रभू. मीही गप्प बसले. पण आज माझी लेक दवाखान्यात आहे आणि मला भीती वाटते. माझ्याजवळ ये. बाकी काही मला मागता येत नाही.'

धडका थांबल्या नाहीत. ती दारापासून हलली नाही. तात्याबा काठी टेकून तिच्याकडे बघत राहिले.

"डॉक्टरची वाट बघू," ते अखेर म्हणाले. "पण कुणी जवळ जायाचं न्हाई."

डॉक्टर सविता आल्या तेव्हा ऊन चढलं होतं. जाड हातमोजे घालून, लांब दांडीच्या फासात कुत्र्याची मान धरून त्यांनी भुलीचं इंजेक्शन दिलं. बारक्या आडवा झाला. त्यांनी जबडा उघडून आत बॅटरी मारली, मग चिमटा घातला आणि जोर लावून काहीतरी ओढलं.

हाडाचा तुकडा. दोन्हीकडच्या दाढांमध्ये आडवा रुतून बसलेला, टाळूतून रक्त काढणारा.

"पिसाळल्याचं आणखी कुठलं लक्षण दिसत नाही," त्या म्हणाल्या. "तरी काही दिवस बांधून ठेवा. आणि मुलीची इंजेक्शनं मध्येच सोडू नका."

तात्याबांनी काठी भिंतीला टेकवली आणि तिथंच उकिडवे बसले. "देवा रे," एवढंच म्हणाले.

सुमितची मोटारसायकल फाटकात थांबली तशी स्नेहल धावली. दंडाला कापसाचा बोळा लावलेल्या रिबेकाला तिनं उराशी घट्ट धरलं आणि जे रडू वर्षभर आलं नव्हतं ते आलं. बाळाचं नाव घेऊन ती रडली. त्याचं नाव ठरवलेलं होतं, हे रिबेकाला आजच कळलं.

सुमित शेजारी बसला. रडू ओसरल्यावर ती म्हणाली, "अहो, मी आज देवाशी भांडले."

"मग? ऐकलं त्यानं?"

"ठाऊक न्हाई. दाराला एकटीच उभी होते," तिनं डोळे पुसले, "पण एकटं वाटलं न्हाई."

सुमितनं तिचा हात धरला. गोठ्यात बारक्या शुद्धीवर येऊन कण्हत होता, आणि रिबेका लांबूनच त्याला सांगत होती, आता पातळ भातच खायचा म्हणून.