कुणाची होडी

"या बाईने पार वाट लावलीय आपली," शेजारच्या टेबलावर दशरथ पुटपुटला. हातभर अंतरावर बसलेल्या कमळने ते ऐकलं, पण मान वळवली नाही.

साल अठ्ठ्याऐंशी. मरोळच्या त्या कचेरीत गोदामांसाठी एक प्रोग्राम बनत होता. अर्धा कोबोल भाषेत, अर्धा सी भाषेत. पीसीवर चालायला हवा आणि युनिक्सच्या मोठ्या मशीनवरही. फायली ठेवायच्या डिरेक्टऱ्या मात्र माणसांच्या नावाच्या. सगळ्यांत वर विद्याधर साहेबांची, खाली दशरथची, मग राधाची. एकेका फाइलीच्या तीन तीन प्रती. गेल्या महिन्यात गिऱ्हाइकाकडे भलतीच प्रत गेली, आणि बोलणी कुणी खाल्ली? फ्लॉप्या भरणाऱ्या कमळने.

कमळ आली होती टायपिस्ट म्हणून. बाकीचं मॅन्युअलं वाचून शिकली. शनिवारी तिने पदर खोचला आणि सगळं नव्याने लावलं. कोबोल एकीकडे, सी एकीकडे. दोन्ही मशीनना लागणारं सामाईक, एकेकीपुरतं लागणारं वेगळं. प्रत्येक फाइलीची एकच प्रत, जी खरोखर चालते ती. उरलेल्या प्रती फ्लॉपीवर घेऊन खोक्यात.

सोमवारी साहेब आले ते तडक तिच्यापाशीच.

"कमळबाई, माझी डिरेक्टरी कुठाय?"

"कुणाचीच नाही आता, साहेब."

"संध्याकाळपर्यंत होतं तसं करा. नाहीतर उद्यापासून पुन्हा टायपिंग."

"माझी आई मढला मासळी विकते," कमळ म्हणाली. "पापलेट एकीकडे, बोंबील एकीकडे. कुणाच्या होडीतनं आलं ते गिऱ्हाईक विचारत नाही."

राधा फिसकन हसली आणि लगेच खोकली.

"म्हणजे करणार नाही?"

"नाही. टायपिंगला बसवा, बसते. पण हे माझ्या हाताने मोडायचं नाही."

"बरं. मग माझ्या फायली कुठे लावल्यात ते तरी दाखवा."

कमळने टेबलाखालच्या खोक्याकडे बोट केलं. "लेबलं लावून ठेवल्यात नीट."

"सगळ्या?"

राधा चहाच्या ग्लासात बघत राहिली. दशरथ कीबोर्डवर नसलेली धूळ फुंकत होता.

"मी विचारतोय, सगळ्या? कुणी ठरवलं हे? हिने?"

दशरथची खुर्ची करकरली. तो उठून कमळच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"तिला नका बोलू, साहेब. तुमची एकही फाइल चालत नाही. दोन वर्षं आम्ही त्या गुपचूप पुन्हा लिहून पाठवतोय."