देवगावला पाठवलेल्या मेलचे गाऱ्हाणे

मित्रांनो, मी एक जुना ई-मेल आहे. जुना म्हटल्यावर पिवळा पडलेला कागद डोळ्यांपुढे आणू नका, मला कागद नाही. पण एकाच मेलला दर महिन्याला वरचे चार शब्द बदलून पुन्हा पुन्हा दारोदार पाठवले, की तोही म्हातारा होतो. आणि म्हातारपणी चिडचिड वाढते, हे तुम्हाला तुमच्या घरात पाहून ठाऊक असेलच. तेव्हा माझ्या बोलण्यात त्रागा आला तर सांभाळून घ्या. तो लपवण्याचा मी आता कंटाळा केला आहे.

माझा जन्म छत्रपती संभाजीनगरात, जाधववाडीच्या मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजारापाशी, एका पशुखाद्याच्या दुकानात झाला. सरकी पेंडेच्या पोत्यांच्या थप्पीमागे एक टेबल होते. त्यावर संगणक होता आणि त्याच्या बटणांमध्ये पेंडेचा भुगा कायमचा वस्तीला आलेला होता. संगणकापुढे अक्षदा बसायची. जाहिरातशास्त्र शिकून ती नुकतीच इथे कामाला लागली होती. दुकानाचे मालक नानासाहेब. त्यांनी देवगाव रंगारीला नवी शाखा उघडली होती आणि तिथे सूर्यभानला बसवले होते. शाखा म्हणजे एक गाळा, पण त्यात पेंड होती, मक्याचा भरडा होता, शेळ्या-मेंढ्यांना चाटायच्या मिठाच्या विटा होत्या, आणि जनावराचे पोट फुगल्यावर ताबडतोब पाजायचे औषध होते. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवर मेंढ्या राखणाऱ्यांना त्यासाठी शहरापर्यंत पळावे लागत नव्हते.

त्या शाखेची गिऱ्हाइके वाढावीत म्हणून मी जन्मलो. अक्षदाने मला फार मन लावून लिहिले. माझ्या कपाळावर मेंढीचे चित्र काढले. "आपल्या जनावराची काळजी, आपल्या गावातच" हे माझे पहिले वाक्य. तेव्हा मी किती देखणा होतो म्हणून सांगू! आपल्याला सगळे वाचणार, अशी माझी भाबडी समजूत होती.

आता माझ्या दुर्दैवाचे मूळ ऐका. दुकानाने गिऱ्हाइकांना सवलतीचे कार्ड द्यायचे ठरवले होते. कार्डाच्या अर्जात ई-मेलचा चौकोन होता आणि त्या चौकोनाला तांबडी चांदणी होती. तो रिकामा ठेवला, की संगणक हटून बसायचा. मेंढरांमागे रानोमाळ फिरणाऱ्या माणसांना सूर्यभान ई-मेलचा पत्ता विचारायचा. ती एकच उत्तर द्यायची, "ते रामकिसनकडं असंल."

रामकिसन गावात सेवा केंद्र चालवतो. पीक विमा, दाखले, रेशनचे काम, सगळे त्याच्याकडे. प्रत्येक सरकारी अर्जालाही अशीच चांदणी असते, म्हणून त्याने परोपकारी मनाने गावातल्या बहुतेकांना एकेक ई-मेल पत्ता काढून दिला होता. पत्ता ज्याच्या त्याच्या नावाचा आणि पासवर्ड रामकिसनच्या डोक्यात. लोकांनाही ते सोयीचे वाटत होते. सूर्यभान त्याच्याकडे जाऊन पत्ते विचारून आला, चौकोन भरले गेले आणि संगणक खूश झाला.

एका सकाळी अक्षदाने बटण दाबले आणि मी निघालो. मी सारजाबाईच्या पेटीत जाऊन पडलो. सारजाबाई म्हणजे देवगावच्या शाखेचे पहिले गिऱ्हाईक, स्वतःच्या मेंढ्या आणि शेजारणीच्या शेळ्या राखणारी. पेटीवर तिचे नाव होते खरे, पण आपली अशी काही पेटी आहे, याचा तिला पत्ताच नव्हता. आत पीक विम्याचा एक मेल अंधारात बसून होता. त्याने माझ्याकडे बघून सुस्कारा सोडला. "बस बाबा. इथे कुणी येत नसते," तो म्हणाला. मला ते खरे वाटले नाही. मी कपाळावरची मेंढी मिरवत दाराकडे तोंड करून बसलो.

कुणी आले नाही. सगळ्या पेट्यांमध्ये हीच गत. खरे कारण मला पहिल्याच दिवशी कळले, पण मेलला फक्त पाठवणाऱ्याचे शब्द बोलता येतात. स्वतःचा एक शब्द अक्षदाच्या कानात घालता आला असता, तर पुढचा सगळा तमाशा वाचला असता.

तमाशाच म्हणतो मी त्याला. कुणी उघडत नाही हे संगणकावर दिसल्यावर अक्षदाने माझे कपडे बदलायला सुरुवात केली. आधी मला "सारजाबाई, हे फक्त तुमच्यासाठी!" असे लाडिक बोलायला लावले. मग "ही संधी हुकली तर पस्तावाल" असे दटावायला लावले. मग माझ्या डोक्यावर आगीच्या ज्वाळा काढल्या. त्या उतरवून फुगे लावले. कुणीतरी तिला सांगितले, की मेल मंगळवारी सकाळी पाठवावा. दुसऱ्या कुणी सांगितले, जेवणानंतर पाठवावा. मी मंगळवारी सकाळी गेलो, जेवणानंतर गेलो, सणाला गेलो, अमावास्येलाही गेलो. दर वेळी त्या अंधाऱ्या पेटीत माझीच जुनी रूपे माझ्याकडे बघत बसलेली असायची. ज्वाळावाला मी, फुगेवाला मी, दटावणारा मी. एकमेकांची तोंडे बघून आम्हाला वीट आला होता. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात, पण इथे अंगणच नव्हते हो! आणि नाच मात्र दर महिन्याला बसवला जात होता.

नानासाहेब रोज टेबलाशी येऊन विचारायचे, "किती जणांनी उघडला?" अक्षदा खाली मान घालायची. पोरीचा काही दोष नव्हता आणि तरी बोलणी तीच खायची. मला फार वाईट वाटायचे.

शेवटी नानासाहेब वैतागले. "देवगावच्या लोकांना आपल्यात काही रसच दिसत नाही," ते म्हणाले. "गाळ्याचं भाडं कशाला भरायचं? तरी एकदा रीतसर विचारू. लिही, अक्षदा. शाखा महिनाअखेर बंद करण्याचा विचार आहे. ज्याची हरकत असेल त्याने शनिवार संध्याकाळपर्यंत या मेलला उत्तर द्यावे. उत्तर आलं नाही, तर संमती आहे असं धरू. आणि सूर्यभानलाही त्यातच टाक, वेगळा फोन नको."

अक्षदाने लिहिले. लिहिताना तिने माझ्या कपाळावरची मेंढी काढून टाकली. मित्रांनो, आजवर मी पेंडेची सूट घेऊन जात होतो. या वेळी मी माणसांची सोय तोडायला निघालो होतो आणि ज्यांची सोय तुटणार त्यांनाच मला काही सांगता येणार नव्हते. सूर्यभानची पेटीसुद्धा रामकिसनच्याच हाती होती. त्याच्या नोकरीचा निकाल त्याच्याच नावाच्या बंद पेटीत जाऊन पडला आणि तो तिकडे गाळ्यात निवांत पोती मोजत होता. मी किती तडफडलो असेन, याची कल्पना करा.

आणि तेवढ्यात आक्रीत घडले. गुरुवारी दुपारी पहिली पेटी उघडली. मग दुसरी. मग तिसरी. बघता बघता सगळ्या गावाने मला उघडले! संभाजीनगरात नानासाहेबांनी पेढे मागवले. "बघ," ते म्हणाले, "सगळ्यांनी उघडला आणि अजून एकाचीही हरकत नाही. एवढं मेल वाचणारं गाव! त्यांना गाळ्याची गरजच काय? मेलवर माल मागवतील, शहरातून घेऊन जातील. शाखा बंद."

म्हणजे बघा, मला कुणी उघडले नाही म्हणून शाखा बंद करायची होती आणि आता सगळ्यांनी उघडले म्हणूनही ती बंदच करायची होती. यावर मेलने करावे तरी काय?

पण अक्षदाने पेढा हातातच धरून ठेवला होता. "नाना," ती म्हणाली, "सगळं गाव एकाच दुपारी, रांगेत उभं राहिल्यासारखं एकामागून एक मेल कसं उघडेल?"

"शिस्तीचं गाव आहे," नानासाहेब म्हणाले आणि त्यांनी तिच्या वाटचाही पेढा उचलला.

शनिवारी अक्षदा कुणाला न सांगता देवगावच्या एसटीत बसली. मी तिच्या मोबाइलमध्ये होतो. गाळ्यासमोर वर्दळ होती. सूर्यभान एका बाईच्या पिशवीत मिठाची वीट घालत होता. ती सारजाबाई होती. इतके महिने जिच्या नावाच्या पेटीत मी मुक्काम केला, तिला मी पहिल्यांदा बघत होतो.

"मावशी, माझा मेल वाचलात ना?" अक्षदाने विचारले.

"कसला मेल, माय?"

"परवा दुपारी तुम्ही उघडलात की. इथं दिसतंय."

"मी? मी तर परवा दिसभर रानात व्हते. मला ह्यो मोबाइलबी लावता येत नाय, पोरगा लावून देतो."

सूर्यभान हसला. "ताई, ते समदं रामकिसनकडं असतंय," तो म्हणाला आणि समोरच्या केंद्रात जाऊन त्याला बोलावून आला.

रामकिसन चहाचा कप हातात घेऊनच आला. "व्हय मॅडम, मीच उघडले," तो सरळ म्हणाला. "पीक विम्याचं काही आलंय का म्हणून समद्यांच्या पेट्या बघत व्हतो. तुमचे मेल लई साचले व्हते. न उघडलेला मेल ठळक दिसतो, डोळ्याला खुपतो. म्हणून एक एक दाबत गेलो. वाचला नाय बघा, खोटं कशाला बोलू?"

अक्षदा मिठाच्या विटांच्या ढिगावर मटकन बसली. मग तिने मोबाइल काढला आणि मला मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला ऐकत होते. याच क्षणासाठी मी इतके वेष पालटले होते. पण माझे एकेक वाक्य बाहेर पडत गेले, तसा सूर्यभानचा चेहरा उतरत गेला. आपला गाळा बंद होणार हे त्याला माझ्याच तोंडून, चार गिऱ्हाइकांच्या देखत कळले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. हा शेवटचा मेल कुणी ऐकला नसता तर बरे झाले असते, असे क्षणभर वाटून गेले.

"ताई, मला एक फोन तरी करायचा," सूर्यभान एवढेच म्हणाला.

सारजाबाई मात्र गप्प बसणारी नव्हती. "उत्तर दिलं नाय म्हून आमची संमती? आन् राती मेंढी फुगली तर काय तिला एस्टीत बसवून संभाजीनगरला नेऊ? लाव गं माय, मालकाला फोन लाव."

अक्षदाने लावला. तिकडून नानासाहेब नेहमीच्या उत्साहात बोलू लागले, की मेल गेला होता, सगळ्यांनी उघडला होता, मुदत आज संध्याकाळपर्यंत आहे आणि हरकतीचे एकही उत्तर मेलवर आलेले नाही.

सारजाबाईने फोन तोंडाजवळ धरला. "मालक," ती म्हणाली, "आमाला इचारलं कवा?"

नानासाहेब माणूस वाईट नव्हते, फक्त आकड्यांवर त्यांचा फार जीव होता. अक्षदाने रामकिसनच्या केंद्राची, बंद पेट्यांची सगळी हकिगत सांगितली. शेवटी ते हळूच म्हणाले, "सूर्यभानला फोन दे." मग त्याला म्हणाले, "बाबा, चुकलं माझं. गाळा उघडा ठेव. पुढच्या आठवड्यात मी येतो, काय हवं-नको ते समोरासमोर विचारतो." आणि ते खरेच आले. पेंडेच्या पोत्यावर बसून त्यांनी एकेकाला विचारले. त्या दिवशी त्यांना जेवढे ऐकावे लागले, तेवढे माझ्या सगळ्या जन्मात कुणी मला सांगितले नव्हते.

देवगावची शाखा चालू आहे. अर्जातल्या चौकोनावरची ती तांबडी चांदणी अक्षदाने पुसून टाकली. देवगावला आता मी जात नाही. काही कळवायचे असले, तर अक्षदा सूर्यभानला फोन करते आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. माझे काम गेले म्हणून मी रुसलो होतो, पण थोडेच दिवस. आता ज्यांनी आपणहून पत्ता दिला, तेवढ्यांकडेच मला पाठवतात. ज्वाळा नाहीत, फुगे नाहीत.

परवा खुलताबादच्या फारूखभाईंकडे गेलो होतो. त्यांनी मला उघडले, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले आणि उत्तर लिहिले, "बकऱ्या विकून टाकल्या. आता मेल नको. शुक्रिया." मित्रांनो, त्या उत्तराने मला किती बरे वाटले, ते तुम्हाला कसे सांगू? समोर माणूस होता, त्याने माझे म्हणणे ऐकले आणि स्वतःच्या तोंडाने नको म्हणाला. तुम्हीही मला खुशाल नको म्हणा, मी रागावणार नाही. फक्त उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणाला काही विचाराल आणि तिकडून उत्तर येणार नाही, तेव्हा त्याला संमती समजू नका. एकदा उठा आणि त्याच्या दारापर्यंत जाऊन या.