रुपालीच्या नावाची बाटली

संगमनेरजवळच्या एका गावात सूर्यभान वीस वर्षं दूध संकलन केंद्र चालवत होता. पाणी घातलेलं दूध त्याच्या हातून कधी सुटलं नाही. सख्ख्या मेव्हण्याची किटलीसुद्धा त्याने चारचौघांत परत पाठवली होती. असा काटेकोर माणूस घरच्या बाबतीत मात्र डोळ्यांवर कातडं ओढून बसला. आपण तरी कुठे वेगळे असतो म्हणा!

त्याची मुलगी रुपाली तीन आठवडे खोकत होती. वजन उतरलं होतं, संध्याकाळी अंग तापायचं. "धुळीचा खोकला हाय," असं सूर्यभान येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. कोल्हारच्या भिमाजींच्या घरी तिचं लग्न ठरलं होतं ना! सरकारी दवाखान्यात बेडका तपासायला सांगितला आणि तिच्या नावाची बाटली त्याच्या हातात दिली, तेव्हा त्याने ती गुपचूप पिशवीत टाकली. टीबी निघाला आणि सोयरीक मोडली तर?

मग त्याने काय करावं? पोरीला न सांगता सकाळी स्वतःच खाकरून बाटली भरली आणि देऊन आला. 'जंतू आढळले नाहीत' असा रिपोर्ट आल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. रुपालीचा खोकला मात्र थांबला नाही.

आठव्या दिवशी नगरच्या प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. आजारी माणसांचे रिपोर्ट निर्दोष का येतात, याचाच तिथल्या सूक्ष्मजीवतज्ज्ञ डॉ. नीलांबरी अभ्यास करत होत्या. त्यांनी रुपालीला विचारलं, "तू तंबाखू खातेस का गं?"

"मी? न्हाई बाई! आण्णा खात्यात."

"तुझ्या बेडक्यात तंबाखूचे कण होते. बाटली कुणी भरली?"

"कसली बाटली?" रुपालीने वडिलांकडे पाहिलं.

सूर्यभानचा हात खिशातल्या पुडीवर गेला. "म्या भरली, म्याडम. लगीन मोडंल म्हनून."

डॉक्टर रागावल्या नाहीत. "तुम्ही काय काम करता?"

"दूध गोळा करतो."

"कुणी दुसऱ्याच्या गाईचं दूध आपल्या नावानं यंत्रावर फॅट तपासायला आणलं तर?"

"दारात उभं करनार न्हाई त्याला!" तो बोलून गेला, आणि त्याची मान खाली गेली.

"यंत्रात जे घालाल, त्याचंच ते सांगणार," डॉक्टर म्हणाल्या. "टीबी असेल तर औषधानं बरा होतो, सूर्यभानराव. लपवलात तर पोरीला आतून खाईल आणि घरातल्यांनाही धरेल. मग लग्न कुणाचं लावणार?"

रुपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आण्णा, मला इचारायचं तरी."

हे एवढेच शब्द, पण सूर्यभानला ते काळजात लागले. दुसऱ्या दिवशी रुपालीने स्वतः बाटली भरून दिली. टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या, घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. मग सूर्यभानने केंद्रावरूनच, किटल्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांदेखत, भिमाजींना फोन लावला आणि काही हातचं न राखता सगळं सांगितलं.

 सूर्यभानने फोन कानाला घट्ट लावला.

"लगीन पुढं ढकलू," भिमाजी म्हणाले. "पर आधी एक सांगा, पोरीनं आजच्या गोळ्या घेतल्या का?"

सूर्यभान रडला! चारचौघांत, किटल्यांसमोर, अगदी लहान पोरासारखा रडला.

सहा महिन्यांनी रुपालीची तपासणी निर्दोष आली, खरीखुरी. लग्न झालं आणि जेवणावळीत भिमाजींनीच आग्रह करकरून वाढलं. बंधूंनो आणि भगिनींनो, आजाराने घराण्याला बट्टा लागत नाही. तो लपवण्याने माणूस मात्र जातो.

आता केंद्रावर कुणी खोकलं, की सूर्यभान दूध मोजता मोजता थांबतो. "किती दिस झाले रं? दवाखान्यात जा," म्हणतो, "आन् बाटली तुझी तूच भर."