चौकटीवरचा डाग

"हाऊ डाग कसाना शे वं, मेघा?"

भेटायला आलेल्या भिकुबाईंनी दाराच्या चौकटीवर बोट ठेवलं. मी चहाचा ट्रे घेऊन आले होते.

"बोटांचा आहे. आजींच्या."

आजी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, रूबेनच्या आजी. सिपोराबाई, भिकुबाईंच्या आक्का. एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या. प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात, ते जळगावात कुठून आणणार? म्हणून त्यांना ठाण्याला नेऊन दफन केलं. आज तिसरा दिवस. आजींनीच वाढवलेला रूबेन रिवाजाप्रमाणे जमिनीवर बसला होता.

"आठे ते पितयनं व्हतं ना? आक्का त्याले हात लावाशिवाय कधी बाहेर पडनी नही. कोठे गयं?"

मी कप मोजल्यासारखं केलं.

ते पितळी म्हणजे ज्यू घराच्या चौकटीला लावतात ती मझुझा. करंगळीएवढी नळी, आत चामड्यावर लिहिलेली प्रार्थना. येता-जाता आजी दोन बोटं तिला लावायच्या आणि ती बोटं ओठांना. आठ महिन्यांपूर्वी खिळा सैल होऊन ती खाली पडली. आमची नाओमी तेव्हा रांगत होती. मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत नळी तिच्या तोंडात आणि ओठातून रक्त! गंजका खिळा बाजूलाच. मी पोरीला घेऊन रिक्षाने डॉक्टरांकडे पळाले. परत आले आणि नळी पत्र्याच्या पेटीत, नाओमीच्या लहान झालेल्या कपड्यांच्या तळाशी टाकली.

आजींना सांगितलं, "सुतार आला की लावते."

सुताराला मी कधी बोलावलंच नाही. नाओमीच्या वाढदिवसाला चौकटीला रंग दिला, तेव्हाही नाही. पुन्हा पडली तर? गिळायला गेली तर? आजी एकदाच म्हणाल्या, "मेघा, आला का गं सुतार?"

"येतो म्हणालाय, आजी."

काचबिंदूने त्यांना दिसत नव्हतं. तरी त्या दाराशी थांबायच्या, रिकाम्या चौकटीला बोटं लावायच्या, ओठांना न्यायच्या. मी बघत राहायची. नव्या रंगावर डाग पडतो म्हणून दर रविवारी ओल्या फडक्याने पुसायची. हे रूबेनलाही सांगितलेलं नाही.

भिकुबाई खाली बसल्या. "तिना क्लासमा मी शिलाई शिकनू. टेप कधी लागनी नही तिले. वीत लाये नि नाप सांगे. आंधयी व्हयनी तरी हात बठ्ठं वयखे."

रूबेन पहिल्यांदा हसला. "मामांनी इस्रायलला बोलावलं, तर म्हणाली, इथल्या पोरींच्या बाह्या अर्धवट टाकून कशी येऊ? चाळीस वर्षं हेच उत्तर."

"आनि माले म्हने, भिके, तुना टाका म्हनजे म्हशीनी चाल!" भिकुबाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

हात सगळं ओळखायचे. मग रिकामी चौकट त्यांना पहिल्याच दिवशी कळली असणार. आणि माझं खोटंही.

भिकुबाई गेल्यावर मी पलंगाखालची पेटी ओढली. ती मी आठ महिन्यांत उघडली नव्हती. लहान झालेले फ्रॉक आजीच काढायच्या आणि झालर लावून द्यायच्या. हे मला माहीत होतं, तरी लपवायला तीच जागा सुचली होती.

तळाशी हात घातला तर पितळ लागलं नाही. मऊ काहीतरी लागलं.

नाओमीच्या पहिल्या झबल्याची पिशवी होती. गोधडीसारखी दुहेरी, तोंड शिवून बंद केलेलं, आत नळी. टोकं बोटाने दाबून पाहिली, कुठेच टोचत नव्हतं. वर खिळ्यासाठी घट्ट फास होता. टाके बारीक होते, दोन-तीन ठिकाणी वाकडे गेलेले. शिवून झाल्यावर आजींनी ती परत तिथेच ठेवली होती, मी ठेवली होती तिथे.

मी खिळा आणि बत्ता घेऊन दाराशी आले.

"कशाला आत्ता?" रूबेन म्हणाला. "उद्या सुताराला बोलावू."

"नको."

जागा शोधावी लागली नाही. गेले दोन रविवार आजी अंथरुणावरच होत्या, फडकं फिरवायचं राहून गेलं होतं. त्या आधीचा डाग तसाच होता, दोन बोटांएवढा. खिळा त्याच्या मधोमध धरला.

दोन ठोके. तेवढंच काम होतं.