चौदावी रिंग

ऐक ना, तू फक्त ऐक, मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझा धागा तुटेल. आमच्या गल्लीतली धाकटी आहे ना, हजेरीमास्तरांची सगळ्यात लहान नात? चोवीस वर्षांची घोडी झाली तरी घरात धाकटीच. तिची गोष्ट आहे.

हजेरीमास्तर म्हणजे तिचे आजोबा. त्र्याण्णव वर्षं जगला माणूस! बाटल्यांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं गेटवर हजेरी घ्यायचे. चारशे कामगार, पण एक जरी कमी असला तरी यांना वही न उघडता कळायचं. रिटायर झाले, पण सवय थोडीच रिटायर होते? त्यात शेजारच्या बाई, शाळेत शिकवायच्या त्या, एकट्याच राहायच्या. स्वयंपाकघरात पाय घसरून पडल्या आणि दोन दिवस तशाच पडून. वाचल्या, पण आजोबांनी ते फार मनाला लावून घेतलं. "चारशेतला एक गैरहजर कळायचा मला, आणि भिंतीपलीकडचं माणूस दोन दिवस दिसलं नाही तर कळू नये?"

झालं, दुसऱ्या दिवसापासून हजेरी सुरू. जे जे एकटे राहतात त्यांनी सकाळी आठच्या आत आजोबांच्या फोनवर एक रिंग द्यायची आणि कट करायची. आजोबा वहीत खूण करणार. रिंग नाही आली, तर सव्वाआठला आजोबा काठी टेकत दारात हजर. एकटेच हं! ज्याच्याकडे वही त्यानेच जायचं, गर्दी न्यायची नाही. कारण एकदा शिंपीणमावशींचं दार चार जणांनी मिळून फोडलं, आणि मावशी मजेत बहिणीकडे! लाजेने वर्षभर रिंग दिली नाही त्यांनी. पंधरा वर्षं चाललं हे. शेवटी शेवटी चौदा जण होते.

आजोबा गेले तेसुद्धा असेच कळले. सकाळी फोन वाजतोय, थांबतोय, परत वाजतोय, आणि खूण करायला कोणी उठत नाहीये. धाकटीच्या आईने जाऊन पाहिलं, तर झोपेतच गेलेले.

बरं, दुसऱ्या दिवशी परत रिंगा सुरू! सवयच ती. तिच्या बाबांनी फोन उचलून "हॅलो" म्हटलं. आवाज अगदी आजोबांचा. पलीकडून शिंपीणमावशींची अशी किंकाळी, की विचारू नकोस. तेव्हापासून फोन आणि वही धाकटीकडे. कोणी दिली नाही, तिनेच घेतली. म्हणाली, थोडे दिवस बघते. आणि नेमकी तिला नोकरी लागली. दोन वर्षं खेटे घातल्यावर! दुसऱ्या शहरात, येत्या सोमवारी हजर व्हायचं.

आता परवाचं ऐक. गुरुवारी आजोबांची स्मरणसभा. कारखान्याच्या कामगारांचा हॉल, नऊ वाजता. सातपासून सगळे खुर्च्या मांडतायत, माइक खरखरतोय. बाबा म्हणाले, "फोन गप्प कर तो, आज तरी." केला. पर्समध्ये टाकला आणि कामाच्या गडबडीत साफ विसरली.

जुने फोरमन बोलत होते. बोलत म्हणजे काय, माइक सोडायलाच तयार नव्हते. पुढचा नंबर धाकटीचा. भाषणाचा कागद काढायला पर्स उघडली तर फोन हाताला लागला. पावणेदहा! मोजल्या तर तेरा रिंगा. परत मोजल्या. तेराच. पोस्टमनआजोबांची नव्हती. एक्क्याऐंशी वर्षांचे, मागच्या गल्लीत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिने मान उंचावून एकेक खुर्ची पाहिली. हॉलमध्ये नव्हतेच.

ती उठली तशी बाबांनी मनगट धरलं. "कुठे निघालीस? आता तुझं नाव पुकारतील."

"पोस्टमनआजोबांची रिंग नाही."

"अगं येतील सभेलाच. जिने उतरायला वेळ लागतो त्यांना."

"दोन तास, बाबा?"

"मग पाठवू कोणालातरी."

"कोणालातरी पाठवायचं नसतं. माहितीये ना तुम्हाला?" आणि मनगट सोडवून पळालीच.

पळताना डोक्यात एकच हिशेब. आठला पडले असतील, तर पावणेदोन तास झाले. सातला पडले असतील तर... आणि फोन मी गप्प केला होता. मी! तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत श्वास छातीत मावेना. कडी वाजवली. काही नाही. फोन लावला, तर आत रिंग ऐकू येतेय आणि कोणी उचलत नाही. दाराला कान लावला, नुसता नळ ठिबकतोय. शेजारी कुलूप, सगळे सभेला. हॉलमध्ये दीडशे माणसं होती, एक हाक मारली असती तर दार फोडून ठेवलं असतं. पण आजोबांचा नियम! नियम पाळू की माणूस वाचवू? मग दोन्ही हातांनी दार बडवायला लागली. "आजोबा! पोस्टमनआजोबा!"

दार उघडलं. कडक इस्त्रीचा शर्ट, एका पायात बूट.

"बहिरा नाहीये मी. बूट घालू दे की."

ती तिथेच पायरीवर बसली. आधी रडली, मग भडकली. "रिंग का नाही दिली?"

"मुद्दाम."

"मुद्दाम?"

"मग काय! तुझे आजोबा गेल्यापासून तीन आठवडे वाट पाहिली, कोणीतरी म्हणेल की हे आता बंद. कोणी बोलायला तयार नाही. तुला नोकरी लागली ते कळलंय मला. चाळीस वर्षं पत्रं वाटलीत, गल्लीतली बातमी मला पाकीट न फोडता कळते. सोमवारी मी पडलो, तर तू तिकडून येणार आहेस दार वाजवायला?"

तिने दुसरा बूट उचलून त्यांच्यापुढे ठेवला.

"तुझ्या आजोबांसारखा माणूस नव्हता पोरी, मी कुठे नाही म्हणतोय? पण ते गेले. आज सगळ्यांसमोर सांग, हजेरी बंद. आम्ही आमचं काहीतरी बघू. पण नसलेल्या माणसाच्या भरवशावर आम्हाला झोपायला लावू नकोस."

तिला पटलं. खरंच पटलं. त्यांचा हात धरून जिना उतरताना ती मनात वाक्य घोकत होती. सोमवारपासून मी नाही, हजेरी बंद. सोमवारपासून मी नाही, हजेरी बंद.

हॉलमध्ये शिरली तशी थेट माइकसमोरच उभी केली तिला. पहिल्या रांगेत ते तेरा जण. शिंपीणमावशी, शिक्षिकाबाई, सगळे. तिने तोंड उघडलं, आणि शिक्षिकाबाई, त्याच, दोन दिवस पडून राहिलेल्या, बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आमची हजेरी चालू राहील ना गं बाळा?"

आणि हिच्या तोंडून काय निघावं? "हो. चालू राहील. मी आहे ना."

टाळ्या! बाबांच्या डोळ्यांत पाणी. पोस्टमनआजोबा मागच्या दाराशी उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसते बघत राहिले तिच्याकडे.

तिला वाटलं, त्यांची रिंग आता येणार नाही. पण काल सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. सगळ्यांत पहिली रिंग त्यांची! आजही तेच. म्हणजे त्यांनीसुद्धा विश्वास ठेवला गं! तेच तिला खातंय. बाबा म्हणतात मी घेतो फोन, पण त्यांची कामावरची पाळी पहाटे सहाला सुरू होते. आत्या म्हणते मोबाइलवर ग्रुप काढा. ग्रुप काय जिने चढणार आहे?

उद्या संध्याकाळची तिची गाडी. बॅग भरून दाराशी ठेवलीये, वही बॅगेत टाकते आणि परत काढते. सकाळपासून चार वेळा केलं असेल. मला म्हणाली, तू सांग काय करू. म्हणून तर तुला हे सगळं सांगत बसलेय.

तू असतीस तर काय केलं असतंस?