आतल्या शिवणीवरचं बटण

उद्या प्रयोगशाळेत मुलाखत होती आणि जुन्या कपड्यांच्या दुकानात माझ्या मापाचा एकच कोट होता. त्याचं मधलं बटण मात्र गायब होतं. मी दुकानातली सुट्या बटणांची बरणी टेबलावर ओतली आणि पट्टीने एकेक मोजू लागले. बावीस मिलिमीटर, चार भोकं, तपकिरी. तासभरात एकही जुळेना.

"काय गं, बटणांची लग्नं जुळवतेस का?" म्हणत दुकानवाल्या मावशींनी कोट उलटा केला. आतल्या शिवणीवर तसंच एक जादा बटण शिवून ठेवलेलं होतं. "काखेत कळसा."

मावशींनी ते लगेच पुढे लावून दिलं. कोट आधी वापरणाऱ्या आणि ते बटण जपणाऱ्या अनोळखी बाईचे मी मनोमन आभार मानले. मग बरणीतलं त्यातल्या त्यात जवळचं, एकवीस मिलिमीटरचं तपकिरी बटण घेऊन आतल्या रिकाम्या जागी शिवलं. माझ्यानंतर हा कोट घेणारीला मोजत बसायला नको.