माझ्या शेंड्याला झावळी

मी काठी बोलतेय. वेळूची, होडीच्या नाकावर ताठ उभी. हाउ नदीवरच्या तरंगत्या बाजारात कुठल्या होडीत काय मिळतं ते लांबून आम्हीच सांगतो. शेंड्याला कांदे तर कांदे, अननस तर अननस. इंजिनांच्या धडधडीत ओरडून कोण ऐकणार? आमच्यावर वाळत घातलेले कपडे तेवढे विकायचे नसतात, हे इथं रांगत्या पोरालाही ठाऊक.

आणि नारळाची झावळी बांधली, तर होडीच विकायची आहे.

आज सकाळपासून माझ्या शेंड्याला झावळी आहे.

होडीवाल्या तानने मला तोडलं आणि तीन महिने नदीच्या चिखलात पुरलं, कीड लागू नये म्हणून. अजून माझ्या अंगावर एक भोक दाखवा! तान आणि त्याची बायको मुओइ भोपळे विकायची. होडी हेच घर. लेक थुई इथंच जन्मली. त्या दिवशीही तानने आधी मला भोपळा बांधला, मग सुईणीला बोलवायला गेला. माणसांची रीतच उफराटी.

तान वारला. पूल झाला, भोपळे ट्रकनं जाऊ लागले. एकच भोपळा आठ आठ दिवस माझ्या मानेला सुरकुतू लागला. आणि गेल्या महिन्यात मुओइ फळीवरून घसरून पाण्यात पडली. थुई शहरातल्या बुटांच्या कारखान्यातून धावत आली. आजची झावळी तिनंच आणली.

"आई, पुन्हा पडलीस तर?"

"पडेन. पोहता येतं मला."

"ह्या गुडघ्यांनी?"

मुओइनं दोन्ही हातांनी गुडघे झाकले. पोरीचं चुकत नाही, हेच तर भय.

तेव्हापासून जवळून कुणी गेलं, मान वर केली, की माझ्या पेरापेरात धस्स होतं. शेजारची अननसवाली ओरडली, "मुओइताई, वाऱ्यानं पान अडकलंय गं तुझ्या काठीला!"

"वाऱ्यानं नाही," मुओइ म्हणाली.

मग एक चष्मेवाला आला. बोटांनी होडी ठोकून पाहिली. "लाकूड झकास आहे, मावशी. फोडून कॉफीच्या दुकानात टेबलं करीन."

"टेबलं?"

"हो. ही काठी तेवढी चुलीत घाला."

चुलीत! मी!

मुओइ गुडघे धरून उठली. "ही माझी पोरगी ह्याच होडीत जन्मली. हिलाही फोडून बाकडं करतोस का?"

"मावशी, झावळी तुम्हीच बांधलीत ना?"

मुओइनं मला खाली ओढलं, झावळी सोडली, पाण्यात भिरकावली. बादलीतला स्वतःचा जांभळा सदरा काढला, न पिळताच माझ्या शेंड्याला बांधला, आणि मला पुन्हा उभं केलं. सगळ्या बाजाराला दिसेल असं. चष्मेवाल्यानं वर पाहिलं, आणि मुकाट्यानं वल्हं उचललं.

"आई!" थुई रडकुंडीला आली. "आणि तू पडलीस म्हणजे?"

"सदरा वाळू दे. मग बोलू."

पाणी माझ्या अंगावरून ओघळतंय. थुई खाली बसून आईच्या गुडघ्यांना तेल चोळतेय. हा सदरा वाळेपर्यंत तरी आम्ही विकायला नाही.

उन्हा, बाबा, आज जरा बेतानं पड.